उलटं गुंडाळताना

डबा उघडला की आधी आंबट वास.
भाचीला वाटतं, मावशी लोणच्याच्या कारखान्यात आहे.
पांढरे हातमोजे, काचेखाली दिवा,
आणि या चक्रीवरून त्या चक्रीवर
सावकाश कूस बदलणारी फिल्म.
बाहेर लॉ कॉलेज रोडला बस थांबते, सुटते.
मी फूट मोजत असते.

आजचा पेशंट इटलीत जन्मलेला, इंग्रजीत बोलणारा.
ओठ मिटल्यावर शब्द येतात.
गोष्ट ग्रीकांची : युद्ध दहा वर्षांत आटोपलं,
राजाला घरी पोचायला आणखी दहा लागली.
खांबेटे म्हणाले, चांदणी चौकातून आला असणार.

निळा रंग आधी मरतो. मग पिवळा.
उरतो किरमिजी.
समुद्र किरमिजी, शिडं किरमिजी,
एकडोळ्या राक्षसाच्या मेंढ्यासुद्धा
रंगपंचमी खेळून आल्यासारख्या.

सातव्या डब्याच्या झाकणावर तेलरंगात :
ओले झाले. १२ जुलै ६१.
खाली सही, ल. रा. ननावरे, ऑपरेटर.

समुद्र नसलेल्या गावात
हा माणूस रोज साडेबाराला समुद्र दाखवायचा,
नदीकाठच्या थिएटरात.
पुढच्या बाकांवरची पोरं
लाट आली की पाय वर घ्यायची.
मग एका बुधवारी धरण फुटलं.
पाणी तिकीटखिडकीतून आत आलं, तिकीट न काढता,
पडदा गुडघाभर भिजला, मग कमरेइतका, मग दिसेना.
ननावरे डबे डोक्यावर घेऊन छपरावर चढत होता,
दोन-दोन करून.
सातवा निसटला.
तिसऱ्या दिवशी चिखलात मिळाला, तेव्हा घरी नेऊन
रीळ त्याने बादलीत धुतलं,
आणि धोतरं घालावीत तसं दोरीवर वाळत घातलं.

त्यात एक जोड आहे. डोळ्यांना दिसत नाही,
नखाला लागतो.
भिकाऱ्याच्या वेषात राजा दारी येतो,
उकिरड्यावरचा म्हातारा कुत्रा कान उचलतो,
आणि पुढच्याच चौकटीत राजा घरात.
मी लिहिणार होते : पुरात नष्ट.
पण पूर इतकं सरळ कापत नाही.

ननावऱ्यांची शकुंतला हडपसरला असते.
बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आली,
छत्री बाहेर ठेवू की आत, असं दोनदा विचारलं.
बाबा म्हणाले होते, कुणी मागितलं तरच द्यायचं.
डब्यात कडबोळ्याएवढी गुंडाळी.
सात फूट. एकशे बारा चौकटी.
पावणेपाच सेकंदांचं मरण.

का कापलं असेल हो?
ती म्हणाली, आमचा पण होता की एक.
थिएटरच्या मागे बांधलेला असायचा.
मग तिने डब्याचं झाकण लावलं,
पुन्हा काढलं,
आणि छपरावर किती डबे गेले होते ते मला विचारलं.
अकरा, मी म्हणाले.
अकरा, ती म्हणाली.

त्या गोष्टीतली राणी दिवसा विणायची, रात्री उसवायची.
ननावरे तरी दुसरं काय करायचा?
खेळ संपला की दिवा मालवून, हँडल धरून
सगळं पुन्हा पहिल्या चौकटीवर.
उद्या साडेबाराला राजा पुन्हा निघायला हवा.

मी गुंडाळी काचेवर पसरली आणि हात चुकला,
शेवटाकडून फिरवायला लागले.
जमिनीवर टेकलेलं डोकं वर आलं.
डोळे उघडले.
शेपटी हलली, थोडी, मग जास्त,
राजा पाठमोरा नव्हे, समोर तोंड करून
मागे मागे जात रस्त्याला लागला,
आणि कुत्रा त्याची वाट बघत बसला.

शकुंतलाबाई काचेवर वाकल्या होत्या.
तसंच, म्हणाल्या. अजून एकदा. उलटंच.

जोड द्यायचा की नाही, अजून ठरत नाही.
नोंदवहीत 'त्रुटी' हा रकाना कोराच आहे.
खांबेटे रोज विचारतात.