गुरुवारचा अर्धा तास

सरकारी यादीत आमचा नंबर चौदा महिन्यांनी.
फोनवरच्या बाईनं दोनदा माफी मागितली.
तिचा काय दोष.
मी भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं मोजली
आणि चुलतबहिणीनं दिलेला दुसरा नंबर फिरवला.

अर्ध्या तासाला पंचेचाळीस पौंड.
म्हणजे न्यूलिनच्या चढावर, सुट्टीवाल्यांच्या घरांतल्या
तीस दुहेरी चादरी,
इस्त्री करून, कोपऱ्याला कोपरा लावून.
हल्ली चादर झटकली की मला आकडेच दिसतात.

बाग ओलांडली की मिसेस टँब्लिनची लाकडी खोली.
हीटरला जळक्या धुळीचा वास.
दाराशी माझी खुर्ची, बुटकी.
आईनं मध्ये बोलायचं नाही, हा इथला पहिला नियम.
किट्टोला जमतील त्याहून कठीण गोष्टी मला दिल्यात तिनं.

किट्टो. माझ्या आजोबांचं नाव.
तो स्वतःला टिट्टो म्हणतो.
तीन वर्षांचा होता तोवर सगळ्या बंदराला कौतुक,
बर्फ फोडणारे मुद्दाम थांबवून विचारायचे, नाव काय रे?
सप्टेंबरात शाळा सुरू झाली.
आता कुणी नाव विचारलं की तो बुटांकडे बघतो.

टेबलावर दोन चित्रं, चहाचा कप आणि किल्ली.
आमच्या भाषेत टी आणि की,
एवढंसंच अंतर.
तो किल्ली मागतो, म्हणतो, टी.
ती शांतपणे कप पुढे सरकवते.
तो पुन्हा मागतो.
पुन्हा चहा.
तिसऱ्यांदा तो चित्र पालथं घालतो
आणि मान वळवून माझ्याकडे बघतो.
मी तळहातात नखं रुतवून गप्प.

जिभेला हाड नसतं म्हणतात.
हाड नाही, पण हट्ट आहे.
टोक उठतं, टाळूला चिकटतं, झालं.
म्हणून मिसेस टँब्लिन त्याला गालिच्यावर उताणं झोपवते,
जीभ आपल्याच वजनानं मागे घसरावी म्हणून.
घशात काटा अडकलाय, काढ बघू.
हे कोळ्याच्या पोराला समजतं.
ख्. ख्.
आणि मग, छताकडे डोळे लावून,
क्.
नुसता, पाय मोडलेला, स्वराशिवायचा क्.

मी तो मोबाइलवर टिपून जोरीला पाठवला.
तो सहा दिवस समुद्रावर, रेंज येईल तेव्हा ऐकणार.
शनिवारी उत्तर आलं :
हे काय, बॉयलर बिघडला का?

अकरा गुरुवार.
हिशोब मी केला नाही, चादरींनी केला.
रोज फ्रिजसमोर पाच मिनिटं, कप, केक, काटा,
कधी रडून, कधी बिस्किटाच्या बोलीवर.

आमचा कुत्रा कॉपर.
तो आला तेव्हा किट्टो दोन वर्षांचा,
त्यामुळे घरात सगळ्यांच्याच तोंडी बसलं, टॉपर.
माझ्यासुद्धा. खोटं कशाला बोलू.

परवा धक्क्यावर किट्टोनं हाक मारली,
कॉपर!
खणखणीत.
माझ्या हातातली पिशवी खाली आली.
कुत्रा दोरखंड हुंगत राहिला.
कॉपर! कॉपर!
कान सुद्धा हलला नाही.
किट्टोनं आजूबाजूला पाहिलं, माझ्याकडेही,
चोरी करताना पाहतात तसं,
आणि हळूच जीभ जुन्या जागी नेली :
टॉपर.
तो जाळ्यांवरून उड्या मारत आला.

मिसेस टँब्लिनला सांगितलं तर ती मोठ्यानं हसली.
वहीत लिहिलं, मला उलटं वाचता येतं :
दोन्ही आवाज येतात. कुठे कुठला, ते तो ठरवतो.

पुढच्या पानावर ग.
छपरावरच्या सीगलला तो अजून सीडल म्हणतो.
किती गुरुवार लागतील, मी विचारलं नाही.
बुटकी खुर्ची उचलली,
भिंतीला टेकवून ठेवली.