पाणी गळेपर्यंत

खारेपाटणचा पूल ओलांडला की चढ लागतो,
त्या चढावर माझा वजनकाटा.
मालकाचा, म्हणजे. रात्रपाळी माझी.
एक खिडकी, एक पंखा, पावत्या छापणारं खरखरतं यंत्र,
आणि बाहेर रस्त्याच्या पातळीला निजलेली
साठ टनांची लोखंडी पाटी.

आता टोलच्या आधी डांबरातच एक काटा पुरलाय.
तो चालत्या गाडीचं वजन घेतो, नंबर वाचतो,
हद्दीत असलात तर हिरवा दिवा, दांडा वर, निघा.
जास्त असलात तरी कोणी हात करत नाही,
शिट्टी नाही, चहापाणी नाही, रदबदली नाही.
नुसता खिशातला मोबाइल थरथरतो.
भिकाजी मिठबावकर म्हणतो,
"पयल्या सायबाक निदान तोंड होता."

त्याच्या गाडीत कासार्ड्याची पांढरी वाळू,
धुऊन तशीच ओली भरलेली.
दहा चाकं. सूट धरून हद्द एकोणतीस नऊशे,
आणि सूट मालक आधीच भरून पाठवतो.
वर पाणी.

दोन वाजता तीस एकशेचाळीस.
"वायंच थांबतंय," म्हणतो,
चढावर गाडी तिरकी लावतो, फाळका उताराला,
चाकाखाली दगड,
आणि पाणी गळायची वाट बघत बसतो.
त्याच्या मागे नासीर बटवाले,
त्याच्या मागे एक राजस्थानी, ज्याला आमची बोली येत नाही
पण गाडी तिरकी लावणं येतं.

तीनला तीस ऐंशी.
चारला तीस वीस.
मधल्या वेळात कोणी झोपत नाही.
नासीर पुसलेला आरसा पुन्हा पुसतो.
मिठबावकर मुलीच्या नर्सिंगच्या फीचं सांगायला लागतो,
अर्ध्यात विडी पेटवतो, मग ते तसंच राहतं.
पाणी तांदळाच्या धुवणासारखं, एका धारेनं,
गटारात, तिथून शुक नदीत,
तिथून खाडीनं विजयदुर्गाकडे.

"गे बाय, पाणी कितक्या नि वाळू कितकी,
ता लिवन दी."
कारण तळोज्याच्या कारखान्यात पुन्हा काटा आहे.
तिथे कमी भरलं की वाटेत वाळू विकली म्हणतात,
इथे जास्त भरलं की दंड,
आणि दोन्ही पगारातून.
माझ्या पावतीत रकाने चार:
एकूण, रिकामी, निव्वळ, माल.
मालापुढे मी वाळू लिहिते.
पाण्याला रकाना नाही.

पाचला एकोणतीस नऊशेचाळीस.
साडेपाचलाही तेवढंच.
धुकं उतरलंय, आता काही गळायचं नाही.
चाळीस किलो.
मिठबावकर डिझेलचा काटा बघतो, स्टेपनी बघतो,
आरशाखालचा नारळ बघतो,
मग सुऱ्याकडे.

सुऱ्या, क्लीनर. वय विचारलं की घाईघाईनं अठरा सांगतो.
"उतर. चलत जा. टोलाच्या पलीकडे उभो रव."
तो स्वेटरच्या बाह्या ओढत उतरतो.
आकडा हलतो, एकदोनदा चुकतो,
एकोणतीस नऊशेवर थांबतो.

शंभर रुपये. पावती.
खिडकीतून टोलचे दिवे दिसतात.
सुऱ्या पुरलेल्या काट्यावरून चालत जातो,
चपला हातात घेऊन, का कोण जाणे.
दिवा हलत नाही. कॅमेरा त्याला वाचत नाही.
मागून गाडी. हिरवा.
पलीकडचं धुक्यात दिसत नाही.
केबिनचं दार आपटल्याचा आवाज येतो,
किंवा आला असं मला वाटतं.

इथे गाडी गेल्यावरही काटा शून्यावर येत नाही,
वीस दाखवतो.
खराटा घेऊन मी पाटीवरचा पांढरा चिखल लोटते.

नासीर गाडी वर घेतो.
त्याच्याबरोबर क्लीनर नाही.