क्वार्टर नंबर एकवीसचा बदाम

तांडेलबाईंनी तो बी म्हणून आणलाच नव्हता.
बदली झाली तेव्हा डालड्याच्या डब्यात
सुकट आणि मिठाच्या पुडीमधली फट भरायला
अंगणातली चार सुकी फळं कोंबली होती, इतकंच.
पूर्णा जंक्शनला डबा उघडला
तेव्हा अख्ख्या रेल्वे कॉलनीला वास गेला,
आणि माझी आई नाकाला पदर लावून म्हणाली,
"अवो, काय सडलंय का तुमच्यात?"

फळ सोलायचं नाही, बाई सांगायच्या.
आडवं ठेवायचं, अर्धं मातीत, अर्धं बाहेर,
बुडत्या होडीसारखं.
काळ्या मातीला तेव्हा करंगळी जाईल एवढ्या भेगा.
नळाला तासभर पाणी; त्यातलं तांदळाचं धुवण बदामाला.
बाबा पॉइंट्समन. ड्यूटीवर जाता-येता थांबायचे,
"बाई, हे झाड इथं कशाला लावायल्या?
इथं लिंब जगतो, बाभळ जगते."
तिसऱ्या वर्षी ते पत्र्याच्या वर गेलं.

बदाम मजल्यांनी वाढतो.
एक मजला आडवा पसरतो, थांबतो,
मग मधूनच शेंडा वर काढतो.
खालच्या मजल्याला आमच्या शेळीची दोरी,
मधल्यावर सलमा आणि मी,
सगळ्यात वर, रात्रीची, वटवाघळं.
त्यांनी चोखून टाकलेले बदाम सकाळी वेचायचे,
रुळाकडेची खडी घ्यायची,
उभा धरून शिवणीवर मारायचा.
दहा घाव, एक बोट,
आणि आत गर, काडीएवढा,
घट्ट गुंडाळलेला,
कुणी चिठ्ठी लिहून लपवावी तसा.

संक्रांत सरली की पानं लाल.
सिग्नल पडावा तशी पडायची, एकेक, खाडकन.
तांडेलसाहेब टी.सी. होते. त्यांचा काळा कोट
आमच्या उन्हानं चहाच्या चोथ्यासारखा विटला होता.
बाईंनी चुलीवर हंडा चढवला,
त्यात ती पानं, थोडी साल,
आणि बाबांकडून मागून घेतलेले रुळाचे गंजके खिळे.
"आमच्यात जाळी मुरवायचे असं काहीतरी करून."
रात्रभर मुरला. सकाळी कोट काळाभोर.
बाईंचे हातही, कोपरापर्यंत, महिनाभर.
हळदीकुंकवाला त्यांनी ते पदराखाली घेतले नाहीत.

नदीला पाणी आलं की
ओटीत बदाम घेऊन बाई पुलाखाली जायच्या. सोडायच्या.
बुडणं ठाऊकच नसल्यासारखे ते तरंगत जायचे.
बाबांनी एकदा टोकलं,
"बाई, ही नदी तुमच्या समुद्राला जात न्हाई.
गोदावरीला मिळती, अन् गोदावरी तिकडं, उगवतीला."
बाईंनी हात झटकले.
"खारट लागलं की झालं."

पुढं त्यांची बदली झाली. कुठं, ते मला आठवत नाही.

आता क्वार्टर पाडलेत.
एकवीसचा ओटा मुळांनी आधीच फोडला होता,
कंत्राटदाराचं तेवढं काम वाचलं.
झाड आहे. खाली मोटारसायकली लागतात.
सलमाचा नातू पानं वेचून नेतो,
माशांच्या काचपेटीत टाकतो;
पाणी कोऱ्या चहाचं होतं,
मासे म्हणे निवांत राहतात.

परवा मी एक बदाम फोडला.
बोट वाचलं.
चिठ्ठी तशीच गुंडाळलेली होती.
उलगडली नाही. खाल्ली.