लिलीचं प्रूफ

चौतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका वाचल्या,
माझगावच्या प्रेसमध्ये, खिडकीकडे पाठ करून.
आता मरोळला, बिल्डिंगच्या मागच्या तीन हात पट्टीत
लिलीची पानं तपासतो.
चष्मा तोच. सवयही तीच,
आधी डावा समास, मग टोकापर्यंत.

कांदे फिलोमिनाबाईंचे.
गावठाणातलं घर बिल्डरला दिलं त्या आठवड्यात
वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आल्या,
'नाताळाआधी खत नको,' एवढंच म्हणाल्या
आणि विरारच्या पुढे कुठेतरी राहायला गेल्या.

पहिल्या वर्षी पानांवर लाल डाग.
वाटलं, माझ्याआधीच कोणी हात फिरवून गेलंय.
लांबट, विटकरी, पान जिथे दुमडतं तिथे जास्त.
बुरशी, म्हणाला नर्सरीवाला सुभान,
वरून पाणी घालता ना?
पोटात थेंब साचला की संपलं.
डागाळलेली पानं कापली, दर वेळी कात्री स्पिरिटने पुसली,
पाणी बुडाशी, तेही सकाळचं.
लाल शाई थांबली. पूर्ण नाही.
दुसऱ्या आवृत्तीतही एक-दोन राहतातच.

मग एका रात्रीत अर्धा परिच्छेद गायब.
पानाच्या जागी नुसता पापुद्रा, उन्हात आरपार दिसणारा,
बेचक्यात काळ्या अळ्या, अंगावर पांढरे ठिपके,
आणि खाली त्यांच्या लेंड्यांचे अनुस्वार,
नको तिथे, शेकड्याने.
औषध घरात होतं. पण मी चिमट्याने वेचल्या,
अठ्ठेचाळीस, साबणाच्या पाण्यात.
वाईट वाटलं का? वाटलं.
चूक काढताना लेखकाचा चेहरा आठवू नये,
हे मला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं.

पिवळेपणाने मात्र फसवलं.
सगळे म्हणाले, पाणी कमी. वॉचमन म्हणाला, जास्त.
तिसऱ्या मजल्यावरच्या सामंतबाईंनी न विचारता ताक ओतलं.
पान पिवळं, शिरा मात्र हिरव्या,
मजकूर उडाला आणि वहीच्या रेघा तेवढ्या उरल्या.
आठ दिवस नुसता बघत बसलो खाली मान घालून.
मग वर बघितलं.
परांच्या. डागडुजी. खरवडलेलं प्लास्टर
वर्षभर इथेच तर पडत होतं.
चूक छपाईत नव्हती, कागदात होती.
वीतभर माती उपसली, चुन्याचे खडे वेचले,
शेणखत घातलं, कुजका पाला घातला.
नवीन पान हिरवं आलं.
जुनं पिवळंच राहिलं, आणि तसंच वाळलं.

आणि यंदा मे महिन्यात हे.
एका कांद्यातून दोन दांडे, पण वेगळे नाहीत.
चपटे, एकमेकांत मुरलेले, फूटपट्टीएवढे रुंद,
मधे एक खाच, बुडापासून मानेपर्यंत,
वर चौदा कळ्या, तोंडं वाट्टेल तिकडे.
सेक्रेटरी म्हणाला, उपटा, कसंतरी दिसतं.
सुभानने फोनवर विचारलं, पानं चुरगळलीत?
पट्टे पडलेत? कांदा मऊ लागतो?
नाही, नाही, नाही.
मग कोंब वाढता वाढता चुकला असेल,
दर वेळी रोगच असतो असं नाही, साहेब.

मांडी घालून बसलो समोर.
अक्षराला अक्षर असं चिकटलेलं आयुष्यभर पाहिलंय.
एकाचा पाय मोडल्याशिवाय जोडाक्षर होत नाही.
इथे नेमका कोणाचा मोडलाय,
खाचेवरून बोट फिरवून पाहिलं.
कळलं नाही.

फिलोमिनाबाईंना फोन लावला. सगळं सांगितलं.
पलीकडे कुकरच्या शिट्ट्या, दोन, तीन.
'माझ्याकडे असं कधी आलं नाही,' म्हणाल्या,
'मिस्टर होते तेव्हासुद्धा नाही.'
आणि मग, 'फुलं किती?'
चौदा.
'चौदा,' त्या कोणाला तरी आत सांगत होत्या.

खोडलेला शब्द राखायचा असला
की त्याच्या खाली टिंबं देतात, ओळीने.
आमची झारी कधीपासून ठिबकते, बदलायची राहिलीय.
मी ती दांड्याच्या बुडाशी धरून
जरा वेळ उभा राहिलो.