नवाने भाग जातो का, बघ

मोम्बासात, चहाच्या दलालांच्या कचेरीत,
तिसऱ्या मजल्यावर, जिथे एसी फक्त केबिनपुरता,
काद्झो चारोला मिळालं एक स्टूल.
खुर्ची नाही. खुर्च्या पगारवाल्यांच्या.

पहिला आठवडा तिनं पिना काढल्या.
तीन वर्षांची बिलं, गंजून कागदाला चिकटलेल्या पिना;
काढायच्या, स्कॅन करायचं, पुन्हा नव्या मारायच्या.
फायनान्समध्ये काय शिकलीस, असं कुणी विचारलं असतं
तर तिनं अंगठा दाखवला असता,
खरोखरचा, भोकं पडलेला.

मग चहा. लिलावाच्या दिवशी अकरा कप,
ओम्वेंगासाहेबांचा बिनसाखरेचा,
सोबत महामरी, गरम असेल तरच.
नाव कुणी विचारलं नव्हतं. हाक यायची, "इंटर्न!"

पण हातात आलेला कागद
वाचल्याशिवाय पुढे सरकवायचा नाही,
एवढं तिनं आपलं आपण ठरवलं होतं.
केरिचोचे मळे. वखारीचं भाडं.
कोण वेळेवर देतो, कोण रडतखडत,
कोण दर जूनमध्ये नेमका आजारी पडतो.
श्रेडरसमोर उभ्या उभ्या तिनं
एका अख्ख्या कंपनीचं चरित्र वाचलं
आणि मग, सांगितल्याप्रमाणे, त्याच्या शेवया केल्या.

कोपऱ्यात म्झे म्वादिमे. निवृत्तीला चाळीस दिवस.
कॅल्क्युलेटरला कापडी टोपडं घालणारा माणूस.
जूनअखेर ताळा जुळेना,
अठराशे शिलिंग कुठे गेले कुणाला सांगता येईना.
चौघं जण, संध्याकाळचे साडेसात,
आणि जो तो दुसऱ्याच्या खिशाकडे बघू लागलेला.
तिनं ट्रे ठेवला. गेली नाही, उभी राहिली.
म्हातारा मान वर न करता म्हणाला,
"नवाने भाग जातो का, बघ."

नऊ दुणे अठरा. जातो.

"मग बहुतेक कुणी खाल्ले नाहीत.
आकड्यांनी जागा बदलल्यात. शोध आता."

पावणेनऊला सापडलं.
तीन हजार एकशे पन्नासचे तेराशे पन्नास झालेले,
तीन आणि एक, घाईघाईत एकमेकांच्या जागी बसलेले.
साहेब म्हणाले, "गुड." म्वादिमेंना म्हणाले.
म्वादिमेंनी स्टुलाकडे बोट दाखवलं,
तोवर साहेब फोनवर.

तीन महिने भरले. नोकरीचं विचारलं तर, "कळवू."
प्रशस्तिपत्रात नाव चुकलेलं.
तिनं तिथल्या तिथे दुसरं छापून घेतलं,
प्रिंटरमध्ये कागदही तिनंच भरला.

लिकोनीत, घरी, आईच्या भिशीत
दोनशे सत्तर कमी भरत होते.
पेटी रिझिकीकडे, वही आईकडे,
आणि तीन आठवडे दोघींमध्ये शब्द नाही.
रिझिकी तर आता दुकानालाही मागच्या गल्लीनं जायची.
काद्झोनं तेलकट वही पुढ्यात ओढली.
नऊ त्रिक सत्तावीस. वर एक शून्य.

पान अकरा. लग्नाला आणलेल्या खुर्च्यांचं भाडं.
पावतीवर सहाशे तीस,
वहीत, आईच्याच अक्षरात, तीनशे साठ.

(आपल्या लिपीत मांडून पाहा:
३६, पाठीला पाठ.
उलटवले की ६३, तोंडाला तोंड.
काद्झोला ही लिपी येत नाही.
तिला फक्त पाढा येतो.)

आई म्हणाली, उद्या सांगू.
काद्झो म्हणाली, चूक रात्रभर ठेवायची नसते.
वही बगलेत मारली, आईला पुढे घातलं,
रिझिकीचं दार वाजवलं.

रिझिकीनं पावती पाहिली. वही पाहिली.
आईकडे पाहिलं नाही.
बराच वेळ कुणी काही बोललं नाही,
शेजारी कुणाचा तरी रेडिओ चालू होता.
मग ती आत गेली
आणि फरशीवरून ओढत एक खुर्ची आणली.
एकच.
काद्झोकडे सरकवली.