मांडीची जबानी

विचारल्यावरून सांगते की,
माझे नाव वसुधा खैरनार, वय एकोणपन्नास,
लघुलेखक, जिल्हा न्यायालय, नाशिक.
खुर्ची खिडकीपासून तिसरी;
मेहेर सिग्नलचे हॉर्न ऐकू येतात, दिसत काही नाही.

आडगावच्या कॉलेजातून तेजल बोरस्ते आली,
पिशवीत करडी चड्डी,
शिवणीतून तारा, मांडीवर टेकणारे चार चट्टे.
मावशी, सात दिवस. आंघोळीला तेवढी काढा.
काय मोजते ही?
म्हणाली, स्नायू किती वेळ गप्प असतो ते.

आधी तिनं मला नुसतं उभं केलं.
हात सैल, पंधरा सेकंद,
हलू नका, काही करू नका.
ती माझी रेघ.
तिच्या खाली जाईल ते सगळं मौन धरायचं.
एकोणपन्नास वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं
की नुसतं उभं राहणं हेही काही करणं असतं.

सात दिवस मी टंकत राहिले.
वादीचे म्हणणे असे की.
आरोपीस विचारता त्याने नाकारले.
बोटं पळत होती,
बोटांना कोणी तारा लावल्या नव्हत्या.

मग तिनं आलेख उघडला.
सपाट. एक काटा. सपाट.
तो काटा अकराचा, साहेब आले, आम्ही उठलो.
पुढचा दीडचा, साहेब उठले, आम्ही उठलो.
साडेपाचनंतर जिना, सीबीएस,
बस मिळेपर्यंत थोडं गवत उगवल्यासारखं.
जागेपणीच्या शंभर मिनिटांतली एकाहत्तर गप्प.

देवरे वकील पहाटे गंगापूर रोडला पाच किलोमीटर पळतात.
त्यांनीही घातली होती, हसत हसत.
सकाळचा डोंगर केवढा त्यांचा!
आणि पुढे दिवसभर माझ्यासारखंच पठार.
त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.
पठार तिथंच.

माझ्या साखरेचा कागद तेजलकडे होता.
ती समजावत होती, मला माझ्या भाषेत कळलं:
जेवणानंतर साखर रक्तातून मांडीच्या दाराशी येते,
आत घ्या म्हणते.
आत कोणी उठत नाही.
पुढची तारीख मिळते.
पुन्हा येते, पुन्हा तारीख.
अशी वर्षानुवर्षं आवारात फिरते,
डोळ्यांकडे, पायाच्या बोटांकडे,
जिथं टेकायला जागा मिळेल तिथं.

सगळ्यात लांब मौन, तेजल म्हणाली, गुरुवारचं.
अकरा पन्नास ते बारा चोपन्न.
डुलकी लागली होती का?

नाही.
गुरुवारी कौसल्या भोयेची साक्ष होती.
पिंपळगावच्या पॅकहाऊसात द्राक्षं निवडते.
साहेब म्हणाले, खुर्ची द्या.
ती म्हणाली, ऱ्हाऊ द्या, हंगामात धा तास उभीच असते.
पोटऱ्यांवर शिरा चढलेल्या, गाठी गाठी.
पट्ट्यात जिचा हात गेला तिच्या शेजारी ही.
सांगताना कठडा धरून होती,
आणि कठडा हलत होता.
मी एक शब्द सोडला नाही.
श्वास घेतला असेन, आठवत नाही.
यंत्राला कळलं शून्य.

तिला ही चड्डी घातली असती
तर दिवसभर रेघ खाली आलीच नसती.
त्याचाही काही आजार असणार.
तेजलच्या फॉर्मात तो रकाना नव्हता.
मी दाखवल्यावर तिनं समासात पेन्सिलीनं काही लिहिलं.

चड्डी धुऊन परत केली.
प्रिंटर आता दाराजवळ हलवलाय.
शेवाळे शिपाई म्हणतो, मॅडम, मी आणून देतो की,
पानापानाला काय उठता.
मी उठते. गुडघा कुरकुरतो,
त्याची तक्रार नोंदवून घेतली आहे.
पान गरम असतं, तिथंच उभ्यानं वाचते,
पंधरा सेकंद, कधी वीस.

वरील मजकूर वाचून पाहिला.
माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.