दोऱ्याबद्दलची ओळ

सावद्यात, स्टेशन रोडला, माझं स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान.
लग्नपत्रिका, बिलबुकं, दशक्रियेची कार्डं,
आणि गेली चार वर्षं सगळ्यात जास्त खपतो तो
हिरवा रंग.

मागच्या महिन्यात फेगडे चिप्सवाले आले.
पाकीट तेच, तीन थरांचं, आतून चंदेरी,
जाळलं तर काळा धूर,
पुरलं तर पुढच्या नांगरटीला तसंच वर.
"फक्त कोपऱ्यात चिकटवायला एक पान दे छापून.
अन् खाली टाक : निसर्गाच्या कुशीतून."
दिलं.
पानाला दोन शिरा मी माझ्या मनानं जास्तीच्या काढल्या.
पैसे रोख मिळाले.

आज कोकिळा सरोदे.
सायकलच्या कॅरिअरला पिशव्यांचा गठ्ठा.
घड कापला की बांधावर कुजत पडतो तो केळीचा खांब,
तो सोलून, खरवडून, वाळवून
अकरा बायांनी विणलेल्या.
नाकाशी धरली तर अजून ओल्या सालीचा वास.

मी आपणहून म्हटलं,
"शंभर टक्के केळीची, असं लिहू?"
"नाही रे भाऊ.
शिवण नायलॉनच्या दोऱ्याची हाये.
केळीचा दोरा वजन धरत नाही.
पाच किलो दादर घातली अन् बंद सुटला,
भर बाजारात दाणे येचत बसली आमची सिंधू."

"पण दोरा कोणाले दिसतो?"
"मले दिसतो."

वहीचं पान फाडून त्यांनी लिहून दिलं,
प्रौढ शिक्षण वर्गातलं जपून काढलेलं अक्षर :

दोरा नायलॉनचा आहे.
दुसरा शोधतो आहोत.
पिशवी फाटली तर परत द्या,
दोरा आम्ही काढून घेऊ.

"हे बारीक टाकतो, तळाला."
"किंमत जेवढी मोठी, तेवढंच हे मोठं."
असली ओळ मी आजवर कुणाला छापून दिली नव्हती.
घेईल कोण ही पिशवी, असं म्हणणार होतो,
पण त्या गठ्ठा सोडायला बसल्या होत्या.

तीनशे पिशव्या.
खरखरीत विणीवर अक्षर नीट बसेना,
'नायलॉन'वरची चंद्रकोर दर वेळी तुटायची.
ती मी ब्रशनं हातानं भरली,
एकेक.

रात्री शटर अर्धं ओढून स्क्रीन धुतली.
थिनर ओतलं की हिरवा सुटतो,
मोरीतून मागच्या गटारीत,
गटारीतून नाल्यात,
आणि नाला पुढे कुठं जातो
ते मी कधी चालत जाऊन पाहिलेलं नाही.

मग सरोदेबाईंचं बिल करायला बसलो.
छपाई. रंग.
थिनर मी वेगळं लावत नाही कधी.
आज लिहिलं : थिनर, दोन लिटर, गटारीत.
पैशांचा रकाना रिकामा ठेवला.
मग ती ओळ खोडली.
मग बिल दिव्यासमोर धरून
खोडलेलं वाचता येतं का, बघितलं.

येत होतं.
दुसरं बिल फाडलं नाही.